एमपीटीएच की अमेरिका? घाटंजीकडच्या एका इंटर्नला उत्तर

पत्र मोठं होतं, थोडक्यात देते (बीपीटीएच म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री, एमपीटीएच म्हणजे तिच्या पुढची पीजी, सीईटी तिची प्रवेश परीक्षा, आणि एसओपी म्हणजे "मला हे काहून शिकायचं" असं अर्जासोबतचं पत्र):

"ताई, मी घाटंजी तालुक्यातली. बीपीटीएच झालं, आता नागपूरला इंटर्नशिप करून राहिली, थोडेच महिने उरले. एकूण मार्क ५६ टक्के, सेकंड इयरला एक विषय राहिला होता तो नंतर निघाला. दहावीपर्यंत मराठी मिडीयम. मामा म्हणतात अमेरिकेत जाऊन डीपीटी कर, त्यांच्या ओळखीतला एक जण तिकडं लागला. मैत्रिणी एमपीटीएचची सीईटी देऊन राहिल्या. एक कन्सल्टंट म्हणतो तुझ्या मार्कावर सीईटीत नंबर लागत नाही, मी डायरेक्ट सीट करून देतो, एसओपी पण मीच लिहून देतो. बाबांची पाच एकर कोरडवाहू, बीपीटीएचचंच लोन बाकी आहे. घरात लग्नाचा विषय निघतो. आजोबांना लकवा मारला होता, त्यांना बाजेखाली विटा लावून मीच उठायला शिकवलं, आता ते अंगणात फिरतात, पण एवढ्यावर कोणी ॲडमिशन देत नाही ना. काय करू?"

बाई, पत्रात मामा काय म्हणतात ते आहे, मैत्रिणी काय करतात ते आहे, तो कन्सल्टंट काय म्हणतो तेही आहे, फक्त तुला कोणते पेशंट बघायला आवडते हे कुठंच नाही, आणि पीजी कशात आणि कुठं हे खरं तर त्याच्यावरच ठरते. एक आजोबांची ओळ आहे, ती तू शेवटी लाजत लाजत टाकली. तिच्यावर येतेच. आधी मामांचं घेऊ, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथं आहे.

अमेरिकेतली डीपीटी, डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, म्हणजे आपल्या एमपीटीएचसारखी वरची डिग्री नाही, ती तिथली फिजिओ व्हायचीच डिग्री आहे. आधी तिथंही बॅचलर चालायचं, मग मास्टर्स आलं, आणि २०१६ पासून कॅप्टे म्हणून जी तिथं कोर्सला मान्यता देणारी संस्था आहे तिनं डीपीटी सोडून दुसऱ्या कोणत्या एन्ट्री डिग्रीला मान्यताच ठेवली नाही. म्हणजे तिथला पोट्टा बारावीनंतर चार वर्ष कोणतीतरी डिग्री करतो, बायोलॉजी म्हण, एक्सरसाइज सायन्स म्हण, सायकॉलॉजीवाले पण असतात, आणि त्याच्यानंतर साधारण तीन वर्षाची डीपीटी. तिच्यात शिरायला पीटीकॅस नावाचं कॉमन पोर्टल आहे, जूनच्या मध्यात सुरू होते, एकच फॉर्म भरायचा आणि पाहिजे त्या कॉलेजांना पाठवायचा, दर कॉलेजामागं वेगळे पैसे. खूप कॉलेजं अर्ज येतील तसतशा सीटा देत जातात, म्हणून तिथले पोट्टे शेवटच्या तारखेची वाट बघत बसत नाहीत. प्रत्येक कॉलेजाची मागणी वेगळी, पण बहुतेक ठिकाणी ॲनाटॉमी-फिजिओलॉजी लॅबसकट, केमिस्ट्री दोन सेमिस्टर, फिजिक्स दोन सेमिस्टर, बायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी हे कॉलेजात झालेलं पाहिजे, जीपीए म्हणजे मार्कांची सरासरी बऱ्याच ठिकाणी चारपैकी किमान तीन, जीआरई ही एन्ट्रन्स खूप जणांनी काढून टाकली तरी काहींना अजून लागते, आणि मग ऑब्झर्वेशन अवर्स.

ही ऑब्झर्वेशनची भानगड मला मनापासून आवडते. ॲडमिशनच्या आधी पोरानं कुठल्यातरी फिजिओच्या मागं उभं राहून तास भरायचे, हॉस्पिटलमध्ये, क्लिनिकमध्ये, लहान पोरांच्या सेंटरमध्ये, आणि त्या फिजिओनं ते तास खरे म्हणून कळवायचे. किती तास ते कॉलेजावर, काही ठिकाणी आता अट नाही पण केलेले असले तर बघतात. आपल्याकडं काय होते, नीटचा स्कोर पाहून एमबीबीएस नाही, बीडीएस नाही, बीएएमएस पण नाही, मंग चल बाई फिजिओ, असं करत अर्धा वर्ग येऊन बसते आणि फिजिओ म्हणजे मसाज नाही हे थर्ड इयरला कळते. असो.

आता हे सगळं ज्यानं अजून फिजिओ केलंच नाही त्याच्यासाठी आहे. तू तर केलं. तू एन्ट्रीवाल्या डीपीटीला गेली तर फिजिक्स-केमिस्ट्री तुझं बारावीलाच संपलं, बीपीटीएचला बायोकेमिस्ट्री तेवढी होती, म्हणजे ते विषय तिकडच्या कुठल्यातरी कॉलेजातून आधी भरून काढ, मग तीन वर्ष परत तोच ब्रेकियल प्लेक्सस, तेच गोनिओमीटर, फक्त फी डॉलरमध्ये. मामांना हे माहीत नसेल आणि त्यांचा दोष पण नाही, ते पोरीचं भलं पाहून बोलतात.

त्यांच्या ओळखीतला जो लागला तो बहुतेक दुसऱ्या रस्त्यानं गेला असेल, त्याला फोन करून सरळ विचार. तो रस्ता असा की तू बाहेरची शिकलेली फिजिओ म्हणून आपली डिग्री तिथं तपासून घ्यायची, याला क्रेडेन्शिअल इव्हॅल्युएशन म्हणतात, सगळ्यात जास्त लोक एफसीसीपीटी या संस्थेकडून करतात. ते लोक तुझा एक एक विषय, त्याचे तास, प्रॅक्टिकलचे तास, क्लिनिकल पोस्टिंग सगळं तिथल्या डिग्रीशी लावून बघतात, आणि आपल्या साडेचार वर्षाच्या बीपीटीएचमध्ये बहुतेक काहीतरी कमी पडतेच. ह्युमॅनिटीज-सोशल सायन्ससारखे जनरल विषय कमी पडले तर क्लेप नावाच्या परीक्षा देऊन भरता येतात, प्रोफेशनल विषय कमी पडले तर मात्र तिथली मास्टर्स किंवा ट्रान्झिशनल डीपीटी, ती आधीच फिजिओ असलेल्यांसाठी असते, ती कर. मग इंग्रजीची परीक्षा, मग एनपीटीई ही लायसन्सची परीक्षा, तिचा स्कोर २०० ते ८०० मध्ये येतो आणि ६०० ला पास. लायसन्स त्या त्या राज्याचं, टेक्सासचे नियम न्यूयॉर्कला चालतील असं नाही.

आणि एनपीटीईचा अभ्यास करताना कोणी "रिकॉल क्वेश्चन" म्हणून पीडीएफ विकायला आला तर लांब राह्य. २०१० मध्ये परीक्षेतले प्रश्न बाहेर येऊन राहिले म्हणून परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं भारत, पाकिस्तान, इजिप्त आणि फिलिपिन्स या चार देशांतल्या कॉलेजांतून शिकलेल्यांना परीक्षेलाच बसू द्यायचं थांबवलं होतं, आणि पुढं बराच काळ त्यांच्यासाठी वेगळा पेपर ठेवला. ज्यानं आयुष्यात कधी फुटलेला पेपर पाहिला नाही तो पण त्यात भरडला गेला.

पैशाचं सांगते. तिथल्या कॉलेजचा आय-ट्वेंटी, म्हणजे स्टुडंट व्हिसासाठी लागणारा कागद, मिळायला किमान पहिल्या वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च खात्यात किंवा मंजूर लोनमध्ये दाखवावा लागते. पाच एकर कोरडवाहू आणि एक लोन आधीच डोक्यावर, म्हणजे बँक जमीन मागणार. जमीन गहाण ठेवून परदेशी शिकू नये असं माझं मत आहे, बाकी लोक वेगळं म्हणतील, पण कापसाचा भाव आणि डॉलरचा भाव दोन्ही तुझ्या बाबांच्या हातात नाही. कोर्सनंतर एक वर्ष तिथं काम करता येते ते ओपीटी नावाच्या परवानगीवर, पुढं व्हिसा पाहिजे. फिजिकल थेरपिस्ट तिथं शेड्युल ए नावाच्या यादीत येतात, म्हणजे ग्रीन कार्डाच्या कागदात एक पायरी कमी, हे कन्सल्टंट लोक रंगवून रंगवून सांगतात. पण भारतीयांची रांग किती वर्षांची आहे ते सांगत नाहीत. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरच्या देशात असलेल्या नवीन माणसासाठी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलरची फी लावायचा हुकूम निघाला, कोणतं हॉस्पिटल आपल्यासाठी एवढे मोजते? हे नियम बदलतात, परत बदलतील, म्हणूनच म्हणते की आज त्याच्या भरवशावर घर रिकामं करू नको.

म्हणजे अमेरिका कायमची नाही म्हणते का? नाही. एक काम आत्ताच कर, इंटर्नशिप संपायच्या आधी. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन चारही वर्षाचा सिलॅबस, विषयवार तास, पोस्टिंगचा रेकॉर्ड याची सही-शिक्क्याची कॉपी काढून ठेव, आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट कसं निघते ते समजून घे, कारण इव्हॅल्युएशनवाल्यांना कागद युनिव्हर्सिटी-कॉलेजकडून थेट पाठवलेले लागतात, तुझ्या हातचं झेरॉक्स चालत नाही. आता तुला क्लार्क ओळखतो. पाच वर्षांनी तो रिटायर झालेला असते, सिलॅबस बदललेला असते, आणि नवीन बाई म्हणते आमच्याकडं जुनं काही नाही.

आता सीईटी. मी म्हणते दे, आणि याच वर्षी दे. तो कन्सल्टंट जे म्हणतो की ५६ टक्क्यावर नंबर लागत नाही ते धादांत खोटं आहे, राज्याची पीजीची फिजिओ सीईटी, पीजीपी-सीईटी म्हणतात ती सीईटी सेल घेते आणि मेरिट त्या सीईटीच्या मार्कावर लागते, तुझ्या सेकंड इयरच्या राहिलेल्या विषयावर ते ठरत नाही. तुला फक्त इंटर्नशिप त्यांनी दिलेल्या तारखेच्या आत पूर्ण झालेली पाहिजे, ती तारीख ब्रोशरमध्ये असते, तुझ्या मधल्या सुट्ट्या पकडून इंटर्नशिप नेमकी कधी संपते ते आजच कॉलेजात विचार, काही पोरींचं इथंच अडते. इंटर्नशिप संपली की ओटीपीटी काउन्सिलचं, म्हणजे राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी परिषदेचं, रजिस्ट्रेशन लगेच टाक, "ॲडमिशन झाल्यावर बघू" म्हणू नको.

आणि डायरेक्ट सीटचं. ८ जुलै २०२४ चा जीआर तू ऐकला असशील, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या ज्या मुलींच्या घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखाच्या आत आहे त्यांना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ. पण त्यात गोम अशी आहे की ॲडमिशन कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या कॉमन प्रवेश फेऱ्यांतूनच, झालेली पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ते लागू नाही. म्हणजे समज तू त्या गटात बसतेस, तर तो माणूस तुझ्याकडून सीटचे पैसे पण घेणार आणि तुझी माफी पण घालवणार. तुझी जात तू लिहिली नाही आणि मला पाहिजे पण नाही, एससी-एसटीच्या योजना वेगळ्या आहेत, पण कॉलेजात स्कॉलरशिपच्या खिडकीवर जाऊन स्पष्ट विचार की एमपीटीएचला महाडीबीटीवर, सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, कोणती योजना बसते. आणि जातीची व्हॅलिडिटी, नॉन क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल हे तहसीलातून आत्ताच काढून घे, ऐन राउंडच्या वेळी सर्व्हर बंद असते आणि साहेब दौऱ्यावर.

कॉलेजं बघायची तर नागपूरचं डिगडोहचं आहे, मुंबईत केईएम, नायर, सायन ही महापालिकेची आहेत, तिथं पेशंटचा लोंढा असा असते की शिकायचं नाही म्हटलं तरी शिकावं लागते. सावंगी मेघेचं कॉलेज अभिमत विद्यापीठाखाली आहे, त्यांची प्रोसेस वेगळी आणि फी पण वेगळी, वर सांगितलं ते लक्षात ठेवून बघ. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर ओडिशात कटकजवळ ओलटपूरला केंद्र सरकारची दिव्यांगांसाठीची पुनर्वसन संस्था आहे, त्यांची एमपीटीची वेगळी एन्ट्रन्स असते, तिचा फॉर्म आपल्याकडचे पोट्टे भरतच नाहीत, माहीतच नसते. फॉर्म भर, फार तर काय होईल, एक पेपर जास्त दिला जाईल.

अभ्यासाचं तू विचारलं नाही तरी सांगते. सगळ्या पोरी ऑर्थो-न्यूरो रट्टा मारतात आणि इलेक्ट्रो, म्हणजे मशीनचे उपचार, सोडून देतात, कारण इंटर्नशिपमध्ये मशीनचं बटण सिस्टरच दाबते. आणि तिथंच पाठ असेल तर फुकटचे मार्क असतात, शॉर्टवेव्ह २७.१२ मेगाहर्ट्झ, आयएफटीची (इंटरफेरेन्शिअल थेरपी) कॅरियर फ्रिक्वेन्सी ४००० हर्ट्झच्या आसपास, अल्ट्रासाउंड एक मेगाहर्ट्झ खोलवर जाते आणि तीन मेगाहर्ट्झ वरवर राहते. असंच बायोमेकॅनिक्सचं, गेट सायकलचा, म्हणजे चालण्याच्या चक्राचा, साठ टक्के स्टान्स (पाय जमिनीवर) चाळीस टक्के स्विंग (पाय हवेत) हे सगळ्यांना येते, पण पेशंट एका बाजूला कंबर टाकून चालला तर कोणता मसल, कोणती नर्व्ह, काठी कोणत्या हातात द्यायची आणि काहून, इथं गळती लागते. ग्लुटियस मीडियस, सुपीरियर ग्लुटियल नर्व्ह, काठी कमजोर बाजूच्या उलट्या हातात. हे तुला ओपीडीत रोज दिसते. रात्री पुस्तक उघडायच्या आधी दिवसभरात बघितलेले दोन पेशंट घे आणि त्यांच्यावरून प्रश्न कर, मग वाच. क्लास लावायचा तर लाव, नाही लावला तरी चालते, मागच्या वर्षी ज्या सीनियरचा नंबर लागला तिच्या नोट्स मिळव, तेवढं पुरे.

ब्रँच. इथं मी जास्त बोलणार आहे कारण इथं लोक सगळ्यात कमी विचार करतात, मस्क्युलोस्केलेटल (हाडं-सांधे-स्नायूंची ब्रँच) घेतलं की क्लिनिक चालते एवढंच डोक्यात असते. चालतेच, खोटं नाही. पण आपल्या भागात कोण येते बघ. वेचणीच्या सिझनमध्ये बाई कमरेला ओटी बांधते, ओटी भरत जाते तसा भार पुढं येते आणि ती दिवसभर वाकलेलीच, संध्याकाळी कंबर धरून येते आणि म्हणते बाम द्या. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन एका हातानं दांडा मारणारा माणूस येतो, त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा वेगळाच दिसते. त्याला "जड उचलू नका, आठ दिवस आराम करा" म्हणणं म्हणजे न सांगितल्यासारखंच आहे, तो उद्या सकाळी शेतात जाणार. त्याला पंपाचे पट्टे कसे बांधायचे, हात कधी बदलायचा, वाकताना गुडघा कुठं, हे सांगणारं कोणी पाहिजे, आणि ते कम्युनिटी फिजिओथेरपीत येते, जिला पोरी "जागा उरली तर घेऊ" म्हणतात.

कार्डिओ-रेस्पिरेटरीचं, हृदय-फुफ्फुसाच्या ब्रँचचं, तर विचारूच नको, आयसीयूवाली ब्रँच म्हणून नागपूर-मुंबईच्या बाहेर तिचं काय काम असं समजतात. जिनिंगमध्ये वर्षानुवर्ष कापसाच्या धुरळ्यात काम केलेल्या माणसाची छाती ऐकून बघ एकदा. आणि सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार, आपल्या गडचिरोली-चंद्रपूर-गोंदिया पट्ट्यात आणि तुझ्याही जिल्ह्यात आहे, त्यात खुब्याच्या हाडाला रक्त कमी पडून एव्हीएन होते, वीस-बावीस वर्षाचा पोरगा लंगडत येतो आणि घरचे म्हणतात पडला असेल. त्याच्या हिपचं काय करायचं, क्रायसिस म्हणजे दुखण्याचा झटका चालू असताना किती व्यायाम द्यायचा, कुठं थांबायचं, हे नीट शिकलेला माणूस जिल्ह्यात शोधावा लागते. थिसिसचा विषय म्हणून पण बघ, मुंबईचे गाइड ऐकून खूष होतात कारण त्यांच्याकडं हा पेशंट असा सलग येत नाही. फक्त सिनॉप्सिस आणि एथिक्स कमिटीच्या तारखा असतात, विषय आधीपासून डोक्यात असला की पहिलं वर्ष हातातून जात नाही.

लहान पोरांचं आवडत असेल तर ते न्यूरोमधून जवळ पडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याला डीईआयसी, म्हणजे लहान पोरांतले दोष लवकर ओळखून उपचार करणारं, सेंटर असते, तिथं फिजिओची पोस्ट असते, कंत्राटी असते आणि ऑर्डरची दरवर्षी चिंता असते हे पण सांगून ठेवते. स्पोर्ट्सचं मी काही सांगत नाही, पुण्या-मुंबईला जायचं असेल तर घे.

आता आजोबा.

बाजेखाली विटा काहून लावल्या तू? कोणी सांगितलं नव्हतं, बरोबर? बसायची उंची वाढली की गुडघ्याला आणि खुब्याला उठताना कमी जोर लागते, हे तुला पुस्तकातून माहीत होतं, पण पुस्तकात खुर्ची असते, बाज नसते. बाजेत माणूस मधे खचतो, कंबर खाली गुडघे वर, तिथून चांगला माणूस उठत नाही. म्हणजे तू अदवान, बाजेची ताणायची दोरी, पण कसून घेतली असशील, नाहीतर नुसत्या विटांनी जमलं नसतं. पाऊल मागं घेतलं का? कमजोर पायावर वजन यावं म्हणून काय केलं? चांगल्या हातानं बाजेचा खूर धरून ओढायची सवय लागते लकव्याच्या माणसाला, ती कशी मोडली? विटा एक एक करून कमी केल्या का, आणि किती दिवसांनी? या सगळ्याची उत्तरं आज रात्री वहीत लिही, मराठीत लिही, जशी आठवतील तशी.

बस, तुझी एसओपी हीच. इकडच्या कॅपला एसओपी लागतच नाही, म्हणजे तो कन्सल्टंट कशाची लिहून देणार होता ते त्यालाच माहीत, पण पुढं बाहेर कुठंही अर्ज केला, अमेरिका असो, इंग्लंड असो, ऑस्ट्रेलिया असो, पहिलं हेच मागतात. आणि विकत घेतलेल्या एसओपीत काय असते, "लहानपणापासून मला लोकांची सेवा करायची आवड होती." ॲडमिशनवाल्यांच्या टेबलावर असल्या ओळींचा ढीग असते. बाजेखालच्या विटा ढिगात नसतात. उद्या इंटरव्ह्यूत कोणी विचारलं की तिसरी वीट कधी काढली, तर तू सांगशील, लिहून घेतलेल्याला सांगता येणार नाही. एक लक्षात ठेव, आजोबांना विचारूनच लिही, आणि त्यांचा रिपोर्ट, नाव, फोटो काही टाकायचं नाही.

रेकमेंडेशनचं पण आत्ताच बघून घे. आपल्याकडं सर म्हणतात "तूच लिहून आण, मी सही मारतो", पीटीकॅससारख्या ठिकाणी ते चालत नाही, लिंक थेट सरांच्या मेलवर जाते आणि त्यांनाच भरावं लागते. म्हणून ज्या एक-दोन शिक्षकांनी तुला पेशंटवर हात ठेवताना पाहिलं त्यांच्याशी इंटर्नशिप संपायच्या आधी बोल, आपण बघितलेल्या चांगल्या केसेस एका पानावर लिहून त्यांच्याकडं ठेव. एचओडीच पाहिजे असं नाही. एचओडीला तुझं नावही आठवत नसेल तर त्या पत्राचा काय उपयोग.

इंग्रजीची भीती काढून टाक असं मी म्हणणार नाही, भीती असते. पण तू चार वर्ष इंग्रजीत पेपर लिहून पास झाली, म्हणजे वाचणं-लिहिणं आहे, अडते ते बोलताना. केस प्रेझेंटेशन इंग्रजीत करायची संधी आली की मागच्या बाकावर जाऊ नको, चुकलं तर चुकलं. पेशंटशी मात्र वऱ्हाडीतच बोल. "कुठी दुखते माय, दाखव बरं" म्हटल्यावर बाई जेवढं सांगते तेवढं "व्हेअर इज द पेन" चं भाषांतर करून विचारल्यावर सांगत नाही, आणि ही गोष्ट मुंबईहून आलेल्या तुझ्या बॅचमेटला वर्षभर जमत नाही.

समज या वर्षी सीईटीत नाही जमलं. मग रजिस्ट्रेशन तर झालेलं असेल, जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या ऑर्थोच्या किंवा न्यूरोच्या डॉक्टरकडं नोकरीला लाग, पगार कमीच देतील, पण लोनचा हप्ता सुटेल आणि पेशंट बघायला मिळतील, पुढच्या वर्षी परत दे. दोन वर्ष लागोपाठ फक्त घरी बसून सीईटीचा अभ्यास हे मला पटत नाही, हात विसरतात. आणि नोकरी करताना खोटं एक्स्पिरियन्स सर्टिफिकेट कोणी देतो म्हटलं तर घेऊ नको, आता इकडं २०२१ चा अलाइड हेल्थकेअरचा कायदा आलेला आहे, पुढं रजिस्टर देशपातळीवर जुळत जाणार, कुठं काय तपासलं जाईल सांगता येत नाही.

मामांना फोन करून एवढं सांग की अमेरिकेचे कागद मी जमवून राहिली, जायचं तेव्हा जाईन, आधी इथलं पीजी. ते खूष होतील, सल्ला मानल्यासारखा वाटेल त्यांना.

राहिलं लग्नाचं. त्यात पडायचा मला हक्क नाही, पण तू विचारलं म्हणून. घरी भांडू नको, कापूस घरात येऊन राहिला असेल, सगळे थकलेले असतात, असल्या वेळी काढलेला विषय चिघळते. बाबांना एकट्यात सांग की सीईटीचा निकाल लागेपर्यंत थांबा. आणि त्याच्या आधी स्थळ आलंच तर पाहुण्यांसमोर चहा ठेवायच्या वेळीच बाबांनी विचारावं की पोरगी होस्टेलला राहून पीजी करणार आहे, पुढं ओपीडी लावणार आहे, सुट्टीच्या दिवशी पण पेशंटचे फोन येतात, चालते का तुम्हाला. हे बाबांनीच विचारायचं, तू नाही. "बघू नंतर" म्हणाले तर बाबा समजून जातील, त्यांनी बाजारात व्यापारी पाहिलेले आहेत.